जात्यासमोरची जागा

सुमन चौगुले यांची शेवटची कादंबरी तुम्हाला कुठल्याही वाचनालयात मिळणार नाही, कारण ती लिहून पुरी झाली नाही. तिचा शेवट काय होता हे मात्र मला ठाऊक आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे मला एकटीलाच. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. मी शाळेत गणित शिकवते. कादंबरी हातात घेतली की दुसऱ्या-तिसऱ्या पानावर माझे डोळे मिटतात. दात नसलेल्याला चणे मिळावेत तसं हे झालं आहे, आणि ते चणे कुणाच्या तरी हातावर ठेवावेत म्हणून लिहायला बसले आहे.

राजारामपुरीतल्या आमच्या इमारतीत त्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून झाली, हातानं वायर खोचून नंबर जोडून द्यायच्या काळापासून. अंगानं काटकुळ्या, जाड भिंगांचा चष्मा, साडी सुती पण कडक इस्त्रीची. आवाज मात्र असा की त्यांनी नुसतं "बोला" म्हटलं तरी समोरच्यानं निमूट बोलू लागावं. त्या सांगायच्या, माणूस लाइनीवर आला की बोलण्याआधी श्वास घेतो, आणि त्या श्वासावरून कळतं की घरात लग्न ठरलंय की कुणी गेलंय. अशी हजारो माणसं त्यांनी एकमेकांना जोडून दिली. त्यांच्या स्वतःच्या घरातल्या फोनवर विणलेला रुमाल घातलेला असे, आणि तो रुमाल मी हललेला फारसा पाहिला नाही.

नोकरीत असतानाच त्यांच्या तीन कादंबऱ्या निघाल्या होत्या. सगळ्या जुन्या काळातल्या आणि सगळ्या प्रेमाच्या. वाचनालयातल्या त्यांच्या प्रती दोऱ्यानं शिवलेल्या असत, इतक्या त्या हाताळल्या जात. चौथी चालू होती तेव्हा मी त्यांच्या शेजारी राहायला आले. पंचगंगेकाठच्या एका गावातली येसू आणि दरबारच्या पागेत घोड्यांवर नोकरी करणारा तिचा नवरा रायाजी, अशी ती गोष्ट. दोघांचं लग्न अजाण वयात झालेलं. रायाजी वर्षानुवर्षं बाहेर. तो घरी येतो आणि दोघं पहिल्यांदा एकमेकांशी मोकळेपणी बोलतात, तिथं कादंबरी संपायची होती. ते बोलणं काही केल्या लिहून होत नव्हतं. प्रकाशक फोन करून म्हणायचा, बाई, शेवट द्या, बाकी सगळं आम्ही बघतो. सुमनताई त्याला एकच उत्तर देत. "प्रेम कुठंही होतं हो. पण दिव्यात तेल कुठलं, ते आधी ठरलं पाहिजे."

आमची ओळख या तेलापायीच झाली. एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात सुमनताई. विरजणाला दही मागावं तितक्या सहज म्हणाल्या, "तुमच्याकडे गावाकडच्या म्हाताऱ्या बाई आल्यात असं कळलं. थोडा वेळ मिळतील का?" जणू नेऊन संध्याकाळी घासून-पुसून परत आणून देणार होत्या. म्हाताऱ्या बाई म्हणजे माझ्या सासूबाई, मुरगूडच्या. त्यांना आम्ही सगळे आत्ती म्हणायचो. गुडघे दुखतात म्हणून त्या आमच्याकडे आल्या होत्या आणि बोलायला माणूस नाही म्हणून दिवसभर पंख्याशी भांडत होत्या. सुमनताई त्यांच्यासमोर बसल्या, चष्मा पुसला आणि विचारलं की तुमच्या लहानपणी बायका केस कशानं धुवायच्या. आत्तीनं माझ्याकडं संशयानं बघितलं.

"शांपू इकाय आलीया काय गं ही?"

तो गैरसमज फिटल्यावर दोघींचं असं जमलं की मी चहा ठेवून गेले ते त्यांना कळलंही नाही. शिकेकाई सणासुदीला, एरवी न्हायची काळी माती, ती भिजत घालायची, असं बरंच काही निघालं. ऐकून घेऊन लिहून टाकतील तर त्या सुमनताई कसल्या. त्यांना ते करून बघायचं असे. पुढच्याच आठवड्यात त्यांनी कुठून तरी माती आणवली, रात्रभर भिजवली आणि न्हाणीघरात बसून डोकं धुतलं. इमारतीचं सांडपाणी तुंबलं. आमचे सेक्रेटरी जिन्यात उभं राहून ओरडत होते आणि सुमनताई डोक्याला टॉवेल गुंडाळून दारात उभ्या राहून शांतपणे ऐकत होत्या. त्यांचं ओरडून झाल्यावर मला म्हणाल्या, "केस अगदी मऊ झालेत. पण येसूला नदीवर न्यावं लागणार. घरात हे जमण्यातलं नाही." आणि मग सेक्रेटरींना विचारलं, तुमची आजी होती का हो, तिचे केस कसे होते? सेक्रेटरींनी हात जोडले.

त्यांच्या प्रयोगांचा प्रसाद आमच्या घरी यायचाच. कधी हुलग्याचं माडगं, कधी नाचणीची आंबील, आणि वर सूचना, चव बघा, हे दीडशे वर्षांपूर्वीचं आहे. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं की ताजं काही आहे का. त्या मनापासून हसल्या. भांडं परत न्यायला दुसऱ्या दिवशी त्या स्वतः यायच्या आणि मग तासभर बसायच्या. आत्तीचं मत असं होतं की तिला पुस्तकाचं न्हाई, माणसाचं येड हाय. मला ते निम्मंच पटतं. वेड दोन्हींचं होतं. नुसतीच माणसं हवी असती तर त्या भिशी लावून मोकळ्या झाल्या असत्या.

पुस्तकाचं वेड किती खरं होतं त्याची एक गोष्ट सांगते. कादंबरीत एक प्रकरण होतं. येसू अंगणातून जाते, तिच्या पायातल्या नव्या चपलांची करकर माडीवर रायाजीला ऐकू येते आणि तो नुसत्या त्या आवाजावरून तिची चाल ओळखतो. फार सुंदर प्रकरण होतं म्हणे. त्यांनी मला ते वाचून दाखवलं आणि मी जागी राहिले, यावरून समजा. पण आत्तीनं ते ऐकून विचारलं, "पायात चपला? आमच्या सासूनं जन्मात पायात काय घातलं न्हाय." सुमनताईंनी आणखी चार म्हाताऱ्या बायका गाठल्या. सगळ्यांनी तेच सांगितलं. मग त्या एकदा वाडी रत्नागिरीला, म्हणजे जोतिबाला, डोंगराच्या पायथ्यापासून अनवाणी चढून गेल्या. पाय सोलवटून आल्या आणि ते प्रकरण काढून टाकलं. मी म्हटलं, अहो, कोण बघायला येणार आहे? त्या म्हणाल्या, "येसू बघेल की."

त्यांचा एक सत्कार झाला होता, एका वाचक मंडळाचा. शाल, नारळ, आणि निम्मं सभागृह रिकामं. तिथं एका मुलीनं उभं राहून विचारलं की तुम्ही लग्न केलं नाही, मग प्रेमावर कशा लिहिता? सभागृहात चुळबुळ झाली. सुमनताई म्हणाल्या, "मी घोड्यावरपण कधी बसले नाही, बाळ. तरी माझे घोडे बरे पळतात." लोक हसले, टाळ्या पडल्या. परत येताना रिक्षात मात्र त्या मांडीवरच्या शालीची घडी पुन्हा पुन्हा घालत होत्या. बिंदू चौक गेल्यावर म्हणाल्या, "घोड्याबद्दल विचारायला माणसं भेटतात हो. त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल कुणाला विचारायचं?" मी रिक्षावाल्याला गल्ली सांगितली.

आता जात्याकडं येते, कारण सगळं तिथंच उलटलं.

ती कादंबरी उभी होती ती एका चित्रावर. पहाटेची वेळ, पडवीत येसू एकटी दळत बसली आहे, घरात कुणी उठलेलं नाही, जात्याच्या घरघरीत तिचं तिचं काही चाललं आहे. अशा पहाटा पुस्तकभर होत्या आणि अशाच एका पहाटे रायाजी येऊन उभा राहणार होता. सुमनताईंना ते दळणं हाताला कळायला हवं होतं. मुरगूडला आत्तीच्या परसात जुनं मोठं जातं तुळशीशेजारी पडून होतं. आमचे हे गावी गेले तेव्हा ते टेम्पोत घालून घेऊन आले. सुमनताईंनी पाथरवटाकडून त्याला टाकी लावून घेतली, खुंटा नवा बसवला आणि लोक सोफा ठेवतात त्या जागी, हॉलच्या मधोमध ते मांडलं.

एके दिवशी पहाटे समोरून घरघर ऐकू आली. दोन फेरे घरघर, मग शांत. पुन्हा दोन फेरे, पुन्हा शांत. मी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं तर त्यांचं दार उघडंच. त्या घामानं थबथबून जात्याशी बसल्या होत्या, केसांना पीठ. दाण्यांचा घास घालायला खुंटा सोडला की जातं थांबायचं, आणि थांबलेलं जातं पुन्हा फिरवायचं म्हणजे सगळी ताकद लागायची. माझ्यामागून काठी टेकत आत्ती आली. तिनं एकदा बघितलं.

"समोर कोण न्हाय व्हय? मोठ्या जात्याला दोगी लागत्यात की."

मग मी समोर बसले. खुंट्यावर वर त्यांची मूठ, खाली माझी. पहिले काही फेरे आमची ओढाताण झाली, आणि मग जातं एकदम हलकं झालं. एकीनं ओढायचं, दुसरीनं लोटायचं, एका हातानं घास घालत राहायचं, जातं थांबत नाही. मला मजा वाटू लागली होती. एवढ्यात सुमनताईंनीच हात काढून घेतला.

"नेहमी असंच असायचं?" त्यांनी आत्तीला विचारलं.

"असंच. समोर कोणतरी असतंयच. सासू, न्हायतर जाऊ, न्हायतर शेजारीण. एकलीनं दळायची येळ वैऱ्यावर येऊ ने."

सुमनताईंचा चेहरा उतरला. मला वाटलं, दमल्या. म्हणून मी पाणी आणलं. पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून त्या म्हणाल्या, "येसूला मी माझं घर देऊन बसले हो, बाई. सासू, दीर, जावा, पोरं, गच्च भरलेलं घर तिचं. आणि मी तिला सगळं पुस्तकभर एकटी बसवली. मला दुसरं काही ठाऊकच नाही ना."

असं काही कुणी बोललं की मला फार अवघडायला होतं. मी आपली गणिताचीच भाषा बोलले. म्हटलं, पायरी चुकली असेल तर तिथून पुढचं पुसायचं, सगळं गणित फाडायचं नसतं. त्या म्हणाल्या, पायरी पहिलीच चुकली आहे. आणि त्यांनी खरोखरच पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला घेतलं. प्रकाशकानं फोन करणं सोडून दिलं ते तेव्हापासून.

त्यानंतर दर रविवारी सकाळी आम्ही दळायला बसू लागलो. कुणी ठरवलं नव्हतं. मी जायची, आत्ती खुर्चीत बसून घास मोठा पडतोय, हात आखडतोय अशा चुका काढायची. त्या पिठाच्या भाकरीत कचकच यायची आणि आमचे हे ती बिनबोभाट खायचे, हा त्यांचा मोठेपणा.

अशाच एका रविवारी सुमनताईंनी विचारलं. येसूचं घर आता माणसांनी भरलं होतं, पण त्यामुळे दुसरीच पंचाईत झाली होती. इतक्या माणसांत रायाजीला बायकोशी बोलायला जागाच उरली नव्हती. "मग आत्ती, नवरा-बायको बोलायचे कधी?"

"बोलायचं काय असतंय त्येच्यात?"

"बरं, तुमचे मालक तुम्हाला हाक कशी मारायचे?"

"हाक कशाला मारत्यात? चारचौघांत बायकूला हाक मारायचं लाजंचं काम. खोकायचे."

आम्ही दोघी थांबलो. आत्तीला आमच्या थांबण्याचंच नवल वाटलं. मग तिनं सांगितलं की पाण्याचा खोकला वेगळा, जेवायला वाढ त्याचा वेगळा, आणि पावणं आल्यात, भायेर येऊ नगं, त्याचा वेगळा. चुलीपुढं बसल्या जागी सगळं कळायचं. सांगता सांगता ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. माझ्या संसारात मी तिला असं करताना कधी पाहिलं नव्हतं.

"आन् एक नुस्ताच हुता. कामाचा न्हवं. मी आत हाय न्हवं, एवढंच बघायचा."

सुमनताईंनी चष्मा काढला. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांचे श्वास ऐकले होते. त्या आत आहेत की नाहीत एवढंच बघायला त्यांच्या दाराशी कुणी खोकलं नव्हतं, हे मला त्या क्षणी इतकं लख्ख दिसलं की मी खाली बघून पीठ गोळा करू लागले. त्या एवढंच म्हणाल्या, "असं काही पुस्तकात मिळत नाही." आणि आत्तीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

त्या थंडीत आत्ती गेली. तेराव्यानंतरच्या रविवारी मी समोर गेले. आम्ही दळायला बसलो, पण चुका काढायला कुणी नव्हतं. आम्ही थोडंच दळून उठलो. मग शाळेच्या परीक्षा आल्या, आणि कधी मी, कधी त्या, असं करत रविवार सुटत गेले. उन्हाळ्यात त्या न्हाणीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण एकटीनं राहणं संपलं. कबनूरचा भाचा येऊन त्यांना घेऊन गेला. माणूस चांगला. सगळं सामान नेलं, जातं मात्र राहिलं. भाच्याच्या यंत्रमागाच्या घरात आधीच जागा नव्हती. निघताना त्या जिन्यात खुर्चीवर बसून मला म्हणाल्या की जातं तुमच्याकडं असू द्या, आणि मला आता येसूसारखं भरलेलं घर मिळतंय, बघा. त्या हसत होत्या. मीही हसले.

भाच्याच्या घराखालीच यंत्रमाग होते. मी सुरुवातीला फोन करायची. पलीकडून खडखडाट ऐकू यायचा आणि त्यात सुमनताईंचा आवाज, "हॅलो, जरा मोठ्यानं." ज्या बाईला श्वासावरून माणूस कळायचं, तिला माझं ओरडणं ऐकू येईना. दोन्हीकडून हॅलो, हॅलो करून आम्ही फोन ठेवायचो. मग तोही बंद झाला.

दिवाळीच्या सुट्टीत मी कबनूरला गेले. भाच्याची बायको मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती, तिनं हातानंच वरचा जिना दाखवला. त्या घरात कुणी बोलत नव्हतं. बोलून उपयोग नव्हता. सगळे खुणांनीच कामं करत होते. वरच्या खोलीत सुमनताई खाटेवर पाठमोऱ्या बसलेल्या, खिडकीकडं तोंड करून. मांडीवर कागद नव्हता, हातात पेन नव्हतं. साडीला इस्त्री नव्हती. मी हाक मारली. पुन्हा मारली. त्या हलल्या नाहीत. फरशी पायाखाली थरथरत होती. भरल्या घरात इतकं एकटं माणूस मी कधी पाहिलेलं नाही.

आणि वीज गेली. सगळे माग एकदम थांबले. कानांत दडे बसावेत अशी शांतता झाली. जिन्यातली रुई माझ्या घशात गेली होती, मला खोकला आला.

"हा पाण्याचा नव्हे," मागं न वळता सुमनताई म्हणाल्या.

मग वळल्या. मी जवळ जाऊन खुर्चीवर बसले. त्यांनी माझा हात धरला, शाळेचं विचारलं, ह्यांचं विचारलं. वीज कधीही येईल याची त्यांना घाई असावी, कारण माझं उत्तर पुरं व्हायच्या आत त्या म्हणाल्या, "शेवट सापडलाय मला. लिहवत नाही आता, हात थरथरतो. पण सापडलाय. ऐका. घरातली सगळी माणसं चैत्रात जोतिबाला गेलीत. येसू मागं राहिलीय, म्हातारी सासू आजारी म्हणून. पहाट आहे. ती दळायला बसलीय आणि समोरची जागा मोकळी. जातं ओढवत नाही. आणि दाराशी कुणीतरी खोकतं. कामाचं नव्हे, नुस्तंच..."

माग चालू झाले.

त्यांचे ओठ हलत राहिले. मी कान पुढं केला, काही ऐकू येईना. मी मानेनं नाही म्हटलं. त्या थांबल्या. क्षणभर मला वाटलं, आता त्या हात झटकून सांगणं सोडून देतील. पण त्यांनी बोट नाकाखाली नेलं आणि हवेतल्या मिशीला पीळ भरला. रायाजी आला. मग समोरच्या जागेकडं बोट दाखवलं आणि तो बसला. पागेतला तो गडी, मिशीला पीळ असलेला, बाईच्या जात्यावर मांडी घालून बसला. मग त्यांनी पांघरुणावर हवेतला खुंटा धरला, एक फेरा ओढला, आणि मूठ हळूच वर सरकवली. खाली एका मुठीपुरती जागा सोडली. बोलणं नव्हतंच. शेवट एवढाच होता.

त्या माझ्याकडं बघत होत्या, कळलं का, असं. मी खुर्ची सोडून खाटेवर त्यांच्या समोर बसले आणि त्यांच्या मुठीखाली माझी मूठ धरली. खाली माग खडखडत होते. आम्ही दळत राहिलो.